जुन्या पिकअपचे हेडलाइट : आधी व्होल्ट, मग बल्ब

प्रश्न : पिकअपला एच-४ बल्ब (अप्पर आणि डिपर दोन्हींच्या तारा एकाच बल्बमध्ये असलेले हॅलोजन) आहेत. दोनदा नवे बल्ब टाकले, तरी उजेड पिवळट आणि मंदच. बल्बच कमअस्सल असतील का?

असतीलही, पण आधी बल्बपर्यंत किती व्होल्ट पोचतात ते मोजा. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १३.५ व्होल्टला मिळणारा उजेड १०० धरला, तर १२ व्होल्टला तो ६७ च्या आसपास येतो आणि ११.५ ला ५८ वर. दीड-दोन व्होल्ट वाटेत गेले की तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त उजेड गेला. मग तिथे कितीही भारी बल्ब बसवा, तो उपाशीच जळणार.

जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डामागच्या स्विचपर्यंत जातो, तिथून डिपरच्या स्विचमधून फिरून पुन्हा पुढे बल्बपर्यंत येतो. डिपरवर, म्हणजे लो बीमवर, ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे ८ अँपिअर ओढतात. वाटेत ०.७५ स्क्वेअर एमएमची ६ मीटर वायर असेल, तर नुसत्या तांब्यातच १.२ व्होल्ट पडतात. काळे पडलेले कॉन्टॅक्ट आणि गंजलेले कपलर (वायर जोडणारे प्लग) यांचा हिशोब वेगळाच.

मोजायची पद्धत सोपी आहे. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बल्ब होल्डरमध्ये बसलेला. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळा प्रोब कपलरच्या मागून डिपरच्या टर्मिनलला टेकवा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट पॉझिटिव्ह बाजूला वाया जात आहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्टच्या पुढे असेल तर वायरिंगचं काम काढा. मग काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल प्रोब बल्बच्या अर्थ टर्मिनलवर ठेवा. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थ खराब. बऱ्याच वेळा रेडिएटरच्या पट्टीवरचा अर्थचा बोल्ट काढून पत्रा चकचकीत घासला की निम्मं काम तिथेच होतं.

बल्ब काढून रिकाम्या होल्डरमध्ये व्होल्ट मोजू नका. करंट वाहत नसेल तर ड्रॉपही होत नाही. मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि वायरिंग ठणठणीत आहे असं वाटतं. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

आणि हो, बॅटरीच्या टर्मिनलवरच इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसत नसतील, तर हेडलाइट सोडा; आधी अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा बघा.

प्रश्न : रिले लावायचे ठरवले आहे. किती रिले, कुठली वायर, किती अँपिअरचा फ्यूज? आणि एका मेकॅनिकने सांगितलं की आमच्या गाडीला “उलटं वायरिंग” आहे. म्हणजे काय?

रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा स्विच; तो मोठा करंट बॅटरीवरून थेट बल्बला जोडतो. दोन लागतील, एक डिपरचा आणि एक अप्परचा, म्हणजे हाय बीमचा. दोन्ही १२ व्होल्टचे, ३० किंवा ४० अँपिअरचे. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून प्रत्येक रिलेला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र १५ अँपिअरचा फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. दोन्ही रिलेंना मिळून एकच फ्यूज लावणारे भेटतात; तो उडाला की भर वेगात समोर मिट्ट काळोख. वेगळे असतील तर डिपर गेला तरी अप्पर हाताशी राहतो.

फ्यूजमधून आलेली वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून बल्बकडे. इथे २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वापरा. अर्थलाही तीच जाडी. पॉझिटिव्हला जाड वायर आणि अर्थला जुनीच बारीक, असं केलं तर अर्धं काम वाया. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. कॉइल जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, तिथे जुनी वायर चालते. जुन्या स्विचवरचा ८ अँपिअरचा भार त्यामुळे अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो आणि स्विच वितळायचा थांबतो.

आता “उलटं वायरिंग”. नेहमीच्या पद्धतीत बल्बचं सामाईक टर्मिनल अर्थला असतं आणि स्विच पॉझिटिव्ह पुरवतो. काही गाड्यांत, विशेषतः बऱ्याच जुन्या जपानी पिकअपमध्ये, सामाईक टर्मिनलला पॉझिटिव्ह असतं आणि डिपरचा स्विच अर्थ जोडतो-तोडतो. ओळखायचं असं : दोन्ही बाजूंचे कपलर काढा, हेडलाइट चालू करा, काळा प्रोब बॉडीला लावून तिन्ही टर्मिनल तपासा. डिपर आणि अप्पर दोन्ही वेळा एकाच टर्मिनलवर व्होल्ट दिसले, तर वायरिंग उलटं. कपलर दोन्ही बाजूंचे काढायचे. एकच काढला तर दुसऱ्या बाजूच्या बल्बच्या फिलामेंटमधून व्होल्ट फिरून येतात आणि मीटर भलतंच दाखवतो.

यावर एक युक्ती दोन्ही प्रकारच्या वायरिंगला चालते. कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ करायचं नाही. दोन्ही टोकं जुन्या कपलरवरूनच घ्यायची. जुन्या कपलरचं सामाईक टर्मिनल दोन्ही रिलेंच्या ८५ ला, डिपरचं टर्मिनल डिपर रिलेच्या ८६ ला, अप्परचं अप्पर रिलेच्या ८६ ला. स्विच पॉझिटिव्ह देवो की अर्थ, कॉइलचं सर्किट पूर्ण होतं. मात्र रिलेच्या आत डायोड असेल तर ८६ ला पॉझिटिव्हच हवं. उलट्या वायरिंगमध्ये मग ८५-८६ ची अदलाबदल करा, नाहीतर साधा, बिनडायोडचा रिले घ्या.

रिले उभे, टर्मिनल खाली तोंड करून बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नका. नीट क्रिंप करा आणि हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. जोडांच्या सगळ्या तक्रारी पहिल्या पावसाळ्यातच बाहेर येतात.

प्रश्न : रिले लावल्यावर १००/९० वॅटचे (अप्परला १००, डिपरला ९०) बल्ब चालतील ना?

वायर तापणार नाही, पण बाकी सगळं तापेल. साधं प्लास्टिकचं होल्डर मऊ पडतं, रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो, प्लास्टिकची काच असेल तर ती आतून भाजते. शिवाय रस्त्यावर हे बल्ब बहुतेक देशांत बेकायदा आहेत. पूर्ण व्होल्ट मिळालेला चांगला ६०/५५ पुरेसा असतो. निळसर काचेचे “पांढरा उजेड” देणारे बल्बही टाळा. हॅलोजनच्या फिलामेंटमधून जो उजेड निघतो त्यातलाच काही भाग ती निळी काच गिळते.

प्रश्न : एच-४ च्या जागी थेट बसणारे एलईडी बल्ब मिळतात. भिंतीवर तर उजेड झगझगीत पडतो. मग लोक नको का म्हणतात?

कारण बल्ब नुसता उजेड देत नाही, तो उजेड ठरलेल्या जागेवरून द्यावा लागतो. एच-४ बल्ब हातात घेऊन नीट बघा. (काचेला बोट लावू नका, तेलकट डाग पडला तर तिथे काच जास्त तापते, लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.) आत दोन फिलामेंट दिसतील. टोकाकडच्या फिलामेंटखाली चमच्यासारखी छोटी धातूची वाटी आहे. तो डिपर. त्या वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. वाटीची एक कड १५ अंश खाली झुकवलेली असते. बीमची कड रस्त्याच्या कडेच्या बाजूला वर चढलेली दिसते ती त्यामुळेच. हे सगळं पाच-साडेपाच मिलिमीटर लांबीच्या तारेभोवती बेतलेलं आहे.

एलईडी बल्बमध्ये त्या तारेच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात. तार चहूबाजूंना उजेड फेकते, चिप फक्त आपल्या समोर. पट्टी जाड असेल तर दोन प्रकाशबिंदूंमध्ये अंतर पडतं, आणि चिप मिलिमीटरभर पुढेमागे असली तरी कटऑफची रेघ, म्हणजे उजेड आणि अंधार यांमधली कड, पसरते. समोरच्याच्या डोळ्यात जातो तो हाच पसरलेला उजेड.

भिंतीवर झगझगीत दिसतं त्याचंही कारण आहे. अशा बल्बांत बराचसा उजेड गाडीच्या अगदी पुढ्यात पडतो. पुढचा १०-१५ मीटरचा पट्टा पांढराफेक झाला की डोळ्यांच्या बाहुल्या आक्रसतात आणि लांबचं कमी दिसायला लागतं. चालवणाऱ्याला मात्र उजेड वाढल्यासारखा वाटतो.

काही देशांत ठरावीक एलईडी बल्बांना ठरावीक मॉडेलच्या हेडलाइटमध्येच परवानगी मिळाली आहे. तुमच्या हेडलाइटचा नंबर त्या यादीत असेल तर खुशाल घाला. एरवी एलईडीच हवा असेल तर अख्खं युनिट बदला, ज्यात रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्या चिपसाठीच घडवलेली असते. एचआयडी किटचं (तारेऐवजी वायूतल्या ठिणगीने उजेड देणाऱ्या बल्बांचं) दुखणंही हेच, उजेड जास्त असल्याने आणखी वाईट.

प्रश्न : गाडीला ७ इंची गोल सीलबंद बीम (काच, रिफ्लेक्टर आणि तार एकत्र बंद केलेले हेडलाइट) आहेत. बल्ब बदलता येणारं युनिट घ्यायचं आहे. काय बघून घ्यावं?

७ इंची म्हणजे १७८ मिलिमीटर, आणि हा आकार इतका रुळलेला आहे की बहुतेक एच-४ युनिटं जुन्या रिंगमध्ये सरळ बसतात. मागची खोली मात्र मोजा. एच-४ चा बल्ब आणि त्याचं रबरी बूट मागे बाहेर येतं, आणि हेडलाइटमागची जुनी धातूची बादली (खोलगट डबा) उथळ असेल तर ते अडकतं.

काचेवर गोलातलं ‘ई’ आणि आकडा आहे का बघा; तो मंजुरीचा शिक्का. मग बाण शोधा. काचेवर आडवा बाण असेल आणि हेडलाइटसमोर उभं राहिल्यावर तो तुमच्या उजवीकडे दाखवत असेल, तर ते युनिट डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांचं. दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्हींसाठी जुळवता येणारं. बाणच नसेल तर उजव्या बाजूच्या वाहतुकीचं. चुकीचं युनिट बसवलं तर कटऑफची चढती बाजू थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जाते, आणि कितीही अ‍ॅडजस्ट केलं तरी ते सुधारत नाही.

प्रश्न : प्लास्टिकच्या काचा पिवळ्या पडल्या आहेत. टूथपेस्टने घासल्यावर महिनाभर बऱ्या दिसल्या, पुन्हा तशाच.

पिवळा पडतो तो पॉलिकार्बोनेटवरचा यूव्ही थर आणि त्याखालची पातळ साय. टूथपेस्टने ती थोडी निघते, पण नवा थर कुठून येणार? रंगावर मास्किंग टेप लावा. ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी सोडत आडवं घासा, पिवळं पाणी यायचं थांबेपर्यंत. मग १५०० ने उभं, २००० ने पुन्हा आडवं, शेवटी ३०००. दिशा बदलत गेलं की आधीच्या पेपरचे ओरखडे राहिले असतील तर लगेच दिसतात. पॉलिश करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि यूव्ही क्लिअर कोट मारा. हा कोट टाळला तर आधीची मेहनत काही महिन्यांची. थिनर किंवा पेट्रोल अजिबात लावू नका, काचेत बारीक तडे जातात.

काच आतून धुरकट असेल किंवा रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल, तर घासून उपयोग नाही. रिफ्लेक्टर फडक्याने पुसायचा मोह आवरा. तो मुलामा इतका पातळ असतो की फडक्याबरोबरच निघून येतो.

प्रश्न : मागे माल भरला की समोरचे सगळे अप्पर-डिपर मारतात. हेडलाइट तर जुळवलेले आहेत.

रिकाम्या गाडीवर जुळवले असणार. हिशोब करून बघा : पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि मालाने मागची बाजू ६ सेंटिमीटर दबली, तर गाडी २ टक्के वर कलली. हेडलाइट १ टक्का खाली लावले होते, ते आता १ टक्का वर बघतायत. डिपर लावूनही अप्परसारखाच त्रास.

सपाट जागा आणि भिंत शोधा. टायरमधली हवा बरोबर, चालक सीटवर, आणि गाडीत तुम्ही रोज जेवढा माल नेता तेवढा. हेडलाइटच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून भिंतीवर त्याच उंचीला आडवी टेप लावा आणि हेडलाइट भिंतीपासून १० मीटरवर येतील अशी गाडी लावा. १० मीटरवर १ टक्का म्हणजे १० सेंटिमीटर. हेडलाइट ८० सेंटिमीटरपेक्षा खाली असतील तर कटऑफ टेपच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली, १ मीटरपेक्षा वर असतील तर १५ ते २० खाली. मधल्या उंचीला १५ धरा. एका वेळी एकच हेडलाइट चालू ठेवा, दुसऱ्यावर जाड कापड टाका. काच प्लास्टिकची असेल तर कापड मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नका.

स्क्रू फिरवताना हे लक्षात असू द्या : ९० सेंटिमीटर उंचीवरचा हेडलाइट १ टक्का खाली असेल तर कटऑफ ९० मीटरवर जमिनीला टेकतो, दीड टक्का असेल तर ६० मीटरवर. अर्ध्या टक्क्यात तीस मीटर गेले, म्हणून अंदाजाने स्क्रू पिळू नका.

मालाचं वजन रोज बदलत असेल तर एका सेटिंगने भागणार नाही. भरलेल्या गाडीवर जुळवा आणि रिकामी असताना थोडा जवळचा उजेड सहन करा. गाडी नेहमीच जास्त बसत असेल, तर मूळ दोष कमानपाट्यांत आहे. ते तपासा, हवं तर जादा पाटा टाका, आणि त्यानंतर हेडलाइट पुन्हा जुळवा.