बादली आणि स्टॉपवॉच

प्रिय,

कॉलेज स्मार्टबोर्ड देत नाही म्हणून तुझं प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, म्हणजे आधी प्रश्न देऊन त्यातून शिकवणं, अडलंय, असं फोनवर म्हणालीस. अगं, १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीयची पहिली तुकडी या पद्धतीने शिकायला बसली, तेव्हा काय होतं त्यांच्याकडे? मुलांचा छोटा गट, एका पेशंटची केस आणि लगेच उत्तर न सांगणारा मास्तर. यातला मास्तरच मिळायला अवघड.

तुझ्या सिव्हिलच्या मुलांना विचार: हॉस्टेलचं पाणी सकाळी नऊलाच का संपतं? हे गूगलला ठाऊक नाही, एआयलाही नाही. मग त्यांना बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन नळावर पाठव. २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर मिनिटाला ३० लिटर. गळणाऱ्या नळांचे फोटो काढू देत. पंपवाल्या मामांशी बोलू देत, त्यांची हरकत नसेल तर रेकॉर्डही करू देत. यातल्या कशालाच नेट लागत नाही, आणि गटात एक फोन पुरतो. संध्याकाळी कुणाच्या तरी वायफायवर बसून आकडे सामायिक शीटमध्ये भरायचे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र साठ जणांचा करू नकोस. मी केला होता. एकाने गणित सोडवलं, बाकीच्यांनी नुसते 👍 पाठवले. पुढच्या वर्षी सहा-सहांचे गट केले आणि शीटची हिस्टरी बघायला लागलो. कुणी काय भरलं, कुणी नंतर गुपचूप बदललं, सगळं दिसतं.

त्याच वर्षी एका गटाचा हिशेब काही केल्या जुळेना. त्यांची ‘२० लिटरची’ बादली १६ लिटरची होती, म्हणजे प्रवाह २५ टक्के फुगलेला. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. गप्प बसणं किती जड गेलं म्हणून सांगू! तिसऱ्या दिवशी एक मुलगी मेसमधून लिटरचं माप घेऊन आली.

आकडे आले की मानकं काढायला सांग. भुयारी गटार असलेल्या शहरांना माणशी रोज १३५ लिटर, जलजीवन मिशनमध्ये खेड्यांना ५५. खेड्यातून आलेली मुलं हा फरक का म्हणून विचारतील. तो तास सिलॅबससाठी मोडू नकोस.

पहिल्या आठवड्याचं शीट मला पाठव, कोऱ्या रकान्यांसकट.

तुझा,
सर