शनिवारचे गड आणि शेवटचं सेमिस्टर

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळचा कऱ्हाडचा. पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आठवं सेमिस्टर सुरू झालंय. कात्रजला आम्ही चौघं मित्र खोली घेऊन राहतो. दर शनिवारी आमचा ग्रुप गडावर जातो. मला गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांचं वेड आहे. टेपनं टाकं मोजायचं आणि खोलीवर आलो की वहीत आराखडा काढायचा, हे दुसऱ्या वर्षापासून चालू आहे. शिवनेरी, हडसर, चावंडवरची सप्तमातृकांची टाकी, राजगड, एवढं झालंय.

कॅम्पसला सिव्हिलसाठी दोनच कंपन्या आल्या, दोन्हीकडे माझं झालं नाही. बाकी सगळ्या सॉफ्टवेअरवाल्या. फेब्रुवारीअखेर अलंग-मदन-कुलंग ठरलंय. मे महिन्यात हिमाचलात सार पासचा ट्रेक आहे, त्याचे आगाऊ पैसे भरलेत. मार्चमध्ये इन-सेम म्हणजे सेमिस्टरमधली परीक्षा, प्रोजेक्ट अर्धवट. बाबा म्हणतात, ‘आधी नोकरी, मग काय ती भटकंती.’ गडावर असलो की नोकरीचं टेन्शन येतं आणि खोलीवर लॅपटॉप उघडून बसलो की लक्ष लागत नाही. हे सगळं वर्षभर बंदच करावं का?

उत्तर : बंद करू नकोस. पण शनिवार सोड.

मी बरीच वर्षं बांधकाम कंपन्यांमध्ये नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती घेतल्यात, म्हणून हे आधी सांगते. आपल्या लाइनीत शनिवार हा पुरता कामाचा दिवस असतो. सुट्टी रविवारी, आणि साइटवर तीही कित्येकदा अर्धीच. शनिवारी आठवड्याची बिलं, मोजमापं, मजुरांची खर्ची यांसाठी सीनियर मंडळी हमखास ऑफिसात सापडतात. दुपारी चारनंतर चहाला थोडी सवड मिळते. ओळखपाळख नसलेला मुलगा हातात दोन ड्रॉइंग घेऊन त्या वेळी आला, तर त्याला दहा मिनिटं मिळतात. तोच मुलगा सोमवारी सकाळी आला तर रिसेप्शनवर बायोडेटा ठेवून परत जातो. आणि शनिवारी नेमक्या त्या वेळी तू गडाच्या पायथ्याला पोहे खात असतोस.

म्हणून गड रविवारी घे आणि एका दिवसात होतील तेच घे. कात्रजला राहतोस, राजगड तुझ्या उशाशीच आहे. सकाळी लवकर नसरापूरमार्गे गुंजवण्याला उतरलास की चोरदरवाजानं पद्मावती माचीवर जाऊन एखादं टाकं नीट मोजून संध्याकाळी खोलीवर येता येतं.

आता नोकरी शोधण्याबद्दल. तू लॅपटॉप उघडून बसतोस म्हणजे पोर्टलवर अर्ज टाकत असणार. ते रोज तासभर कर, त्याहून जास्त नको. सिव्हिलच्या नव्या मुलांना काम बहुतेक वेळा छोट्या-मध्यम कंत्राटदारांकडे, स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे, आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटवर, मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये किंवा क्वांटिटी काढून देणाऱ्या ऑफिसात मिळतं, आणि ही मंडळी पोर्टलवर फारशी जाहिरात देत नाहीत. पुण्यात आज जिकडे जाशील तिकडे काम चालू आहे. सरकारी कामावर फलक असतो. त्यावर कामाचं नाव, कंत्राटदार, कामाची रक्कम लिहिलेली असते. येता-जाता त्याचा फोटो काढत जा. महिन्याभरात तुझ्याकडे नावांची जी यादी होईल, ती कुठल्याही पोर्टलपेक्षा उपयोगी पडेल. शनिवारी त्यातल्या दोन-तीन ऑफिसांत प्रत्यक्ष जा. कॉलेजमधल्या सरांनाही विचार. प्रत्येक सिव्हिल विभागात निदान एक सर असे असतात ज्यांचे जुने विद्यार्थी आज साइट सांभाळतात. पगाराची नोकरी लगेच मिळाली नाही तर राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना वर्षभर विद्यावेतनावर घेतात. त्याला कमी लेखू नकोस. पहिल्या वर्षी काँक्रीट पडताना उभं राहायला मिळणं महत्त्वाचं.

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या परीक्षेला बसायचं का, ते तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. खरंच ते काम करायची तयारी असेल तर बस. निव्वळ ‘हातात काहीतरी असावं’ म्हणून बसणार असशील तर तोच वेळ एस्टिमेटिंगला, म्हणजे कामाचा खर्च काढायला शिकायला दे. आणि बसलास, निवड झाली, तर बाँड शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही करू नकोस.

आता टाक्यांकडे येते, कारण तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच आहे. तू तिला भटकंतीच्या गठ्ठ्यात टाकलंस, याचं मला वाईट वाटलं. आलेल्या बायोडेटांपैकी निम्म्यांवर शेवटी ‘छंद : ट्रेकिंग, वाचन, संगीत’ ही ओळ असते. ‘कुठले गड केलेस?’ विचारलं की मुलं नावं सांगतात आणि थांबतात. तुझ्याकडे वही आहे. ती ओळ काढून टाक आणि वहीतलं एक टाकं पूर्ण सोडव.

कसं ते सांगते. समज, टाकं चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आहे. तळ खडकात खोदलेला, म्हणून उंचसखल. काठावरून दर मीटरला दोरी सोडून खोली घ्यायची आणि सरासरी काढायची. ती दोन मीटर आली तर 24 घनमीटर, म्हणजे 24,000 लिटर पाणी. गडावर साठ माणसांची शिबंदी धरली आणि पिण्या-रांधायला माणशी पाच लिटर धरले, तर रोजचे 300 लिटर. टाकं काठोकाठ भरलेलं असेल तर 80 दिवस पुरेल. आता यातून उन्हानं उडणारं पाणी वजा कर. उघड्या टाक्याची पातळी उन्हाळ्यात रोज काही मिलिमीटर उतरते, खांबटाक्याची त्या मानानं कमी, कारण वर खडकाचं छत आहे. खांबटाकी खोदायला जास्त कष्ट पडत असूनही ती का खोदली असतील, याचं एक कारण तुझ्याच आकड्यांतून दिसायला लागेल. प्लॅन, दोन सेक्शन आणि हे गणित, सगळं एका ए-थ्री कागदावर ऑटोकॅडमध्ये काढ. अशी तीन टाकी कर. मोजमाप घेणं, ड्रॉइंग काढणं, परिमाण काढणं, गृहीतकं स्पष्ट लिहिणं ही साइट इंजिनिअरची चारही कामं त्या तीन कागदांवर दिसतील.

2025च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, अकरा आपल्याकडचे आणि एक तामिळनाडूतला जिंजी. तू मोजलेले शिवनेरी आणि राजगड त्यात आहेत. जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणारे आर्किटेक्ट आणि कन्सल्टंट पुण्या-मुंबईत आहेत, आणि त्यांच्या कामाची सुरुवातच मोजणीच्या ड्रॉइंगनं होते. तुझे तीन कागद त्यांनाही पाठव. गडावर टेप आणि दोरीपुरतंच थांब. ड्रोन वगैरे न्यायचा झाला तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घे.

एक सावधगिरी. मुलाखतीत समोरच्याला गडांची आवड निघाली तर गप्पा रंगतात आणि तुला वाटेल, जमलं. पण त्यानंतर प्रश्न येतोच. मी हमखास विचारायचे : बारा मिलिमीटरची सळई, एका मीटरचं वजन किती? व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 0.888 किलो. बारा मीटरची अख्खी सळई साडेदहा किलोच्या थोडी वर. हे ज्याला कागद-पेनशिवाय सांगता येतं, त्याला स्लॅबचं ड्रॉइंग हातात देऊन पुढचं विचारावंसं वाटतं. हे, काँक्रीटच्या ग्रेड, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर, ओल्या काँक्रीटची स्लम्प टेस्ट, एवढं तोंडपाठ असू दे. खोलीवरच्या चौघांनी रोज जेवताना एकमेकांना विचारलं तरी महिन्यात होतं.

अलंग-मदन-कुलंगला जा. प्रोजेक्टच्या रिव्ह्यूची तारीख त्या आठवड्यात नसेल, तर खुशाल जा. मदनचा कातळटप्पा दोराशिवाय होत नाही, सोबत जाणकार माणसं हवीत, आणि मार्चनंतर तिथला खडक तापायला लागतो. तो ट्रेक पुढे ढकलून चालणारा नाही. सार पासचं मात्र मेमधलं काढून जूनच्या पहिल्या पंधरवड्यातली बॅच मिळते का, हे आजच विचार. मेमध्ये विद्यापीठाचं वेळापत्रक कधी सरकेल त्याचा भरवसा नसतो. तोंडी परीक्षेची तारीख आली आणि तू बर्फात, असं झालं तर वर्षाची मेहनत अडकेल. हिमाचलात पाऊस साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोचतो, त्याआधी तुझं उरकेल. बॅच मिळाली नाही आणि थोडे पैसे कापले गेले, तर जाऊ देत.

बाबांचं म्हणशील, तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तू काय पाठवतोस ते एकदा वर सरकवून बघ. बहुतेक गडांचेच फोटो असतील. कऱ्हाडात बसून त्यांना तुझा तेवढाच आठवडा दिसतो. दर शनिवारी रात्री त्यांना फोन कर आणि आज कुठल्या ऑफिसात गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं, ते सांग. नकार आला तर तोही सांग. त्यांच्या ओळखीत कोणी कंत्राटदार असेल तर ते स्वतःहून नाव काढतील.

*

प्रश्न : ताई, मी संगमेश्वर तालुक्यातली. रोज एसटीनं रत्नागिरीला कॉलेजला जाते, बी.कॉम.चं सहावं सेमिस्टर आहे. आमच्या वाडीतल्या महिला भजनी मंडळात मी पेटी वाजवते. अकाउंट्सच्या नोकरीसाठी मुंबईहून फोन येतात, पण सगळे ‘प्रत्यक्ष या’ म्हणतात. प्रत्येक वेळी जाणं घरच्यांना परवडत नाही, आणि एकटीला पाठवायला आई तयार नाही. त्यात शिमगा आलाय.

उत्तर : शिमगा सोडू नकोस. पालखी घरी येते त्या दिवसांत कोणाचा फोन आला तर सरळ सांग की गावी सण आहे, अमुक तारखेनंतर येते. मुंबईच्या निम्म्या ऑफिसांत कोकणातली माणसं आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पहिली फेरी फोनवर किंवा व्हिडिओवर घ्या, अशी विनंती प्रत्येकाला कर. जे तयार होतील आणि पुढे बोलावतील, त्यांच्याचकडे जायचं. त्यांनाही एकाच आठवड्यातल्या सलग दोन-तीन दिवसांच्या वेळा माग. रात्रीच्या कोकणकन्येनं पहाटे मुंबईत उतरता येतं, आणि मावशी-आत्या कोणाकडे तरी दोन रात्री राहता येतं. पहिल्या खेपेला आईलाच सोबत ने. ती जागा आणि माणसं बघेल, पुढच्या वेळी अडवणार नाही. पैसे आधी भरा म्हणणाऱ्या कुठल्याही एजन्सीकडे फिरकू नकोस.

मुंबईच हवी असं नसेल तर रत्नागिरी-चिपळूणच्या सीएंच्या ऑफिसांत आत्ताच विचारून ठेव. 31 मार्चला वर्ष संपलं की एप्रिलपासून पुढे रिटर्न आणि ऑडिटचं काम तुंबतं आणि त्यांना जादा हात लागतात. टॅली आणि जीएसटीच्या नोंदी येत असतील तर परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तू खुर्चीवर असशील. संध्याकाळची एसटी धरून भजनाला वेळेवर पोचताही येईल.