रेल्समध्ये ऑर्डर आणि तिच्या ओळी एकत्र सेव्ह करायला ट्रान्झॅक्शन पुरतं का?

तुमचा प्रश्न असा की रेल्समध्ये (रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) ऑर्डर आणि तिच्या ओळी (ऑर्डरमधली एकेक वस्तू) एकाच फॉर्मवरून येतात, तर कंट्रोलरमध्ये (फॉर्मची माहिती हाताळणारा कोड) लूप फिरवून प्रत्येक ओळ सेव्ह केली आणि भोवती ट्रान्झॅक्शन (सगळं लिहा नाहीतर काहीच नको, अशी डेटाबेसची सोय) घातलं तर पुरेल का. नाही पुरणार. "ट्रान्झॅक्शन आहे ना, अर्धवट सेव्ह होईलच कसं?" हे मला एका सीनियरने ठणकावून सांगितलं होतं, म्हणून एवढं लिहितेय.

आमचा कोड डिट्टो असाच होता. एक दिवस हिशेब बघणाऱ्यांचा फोन आला: काही ऑर्डरींची एकूण रक्कम आणि ओळींची बेरीज जुळत नाही. सगळ्या नाही, मधूनच एखादी. बेरीज करणाऱ्या जावास्क्रिप्टला त्याच आठवड्यात मी हात लावला होता आणि टीममध्ये नवीनही मीच, त्यामुळे खापर कुणावर फुटलं ते सांगायला नको. दोन रात्री ती बेरीज उलटीसुलटी तपासली. बरोबर होती. शेवटी लॉगमध्ये एका बिघडलेल्या ऑर्डरचे पॅरामीटर्स (फॉर्ममधून आलेली माहिती) सापडले. पाच ओळी, तिसरीत नग 2.5. मॉडेलमध्ये (टेबलाशी बोलणारा कोड) मात्र नगावर 'फक्त पूर्णांक' असं व्हॅलिडेशन, म्हणजे सेव्हआधीची तपासणी. ब्राउझरने अडीच धरून बेरीज केली, मॉडेलने ती ओळ नाकारली, 'सेव्ह'ने फॉल्स (म्हणजे 'जमलं नाही') दिलं आणि ते कुणी बघितलंच नाही. ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं, म्हणजे लिहिलेलं मागे घेतं, ते एक्सेप्शन (कोड थांबवणारी एरर) आल्यावर; फॉल्सचं त्याला काही पडलेलं नसतं. रक्कम पाच ओळींची, टेबलात ओळी चार.

हे दाखवल्यावर सीनियर म्हणाले, "मग तू चेक करायला हवं होतंस." मी गिट ब्लेम (कोडची कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी कमांड) काढलं. तो लूप कुणी लिहिला होता हे इथे सांगत नाही, पण मी नव्हे.

तर लूप काढून टाका. मॉडेलमध्ये 'अ‍ॅक्सेप्ट्स_नेस्टेड_अ‍ॅट्रिब्यूट्स_फॉर' लिहा (ऑर्डरसोबत तिच्या ओळीही घेणारी सोय, रेल्स 2.3 पासून, म्हणजे 2009 पासून आहे) आणि फक्त ऑर्डर सेव्ह करा. ओळींचं व्हॅलिडेशन आधी होतं, एक जरी नापास झाली तरी काहीच लिहिलं जात नाही. लूपच हवा असेल तर उद्गारचिन्हवालं 'सेव्ह!' वापरा (ते फॉल्सऐवजी एक्सेप्शन देतं) आणि रेस्क्यू (एक्सेप्शन पकडणारा भाग) ट्रान्झॅक्शनच्या बाहेर ठेवा. आत ठेवून एक्सेप्शन गिळलंत तर पुन्हा तेच.

नेस्टेडमध्येही एक खड्डा आहे. स्ट्राँग पॅरामीटर्समध्ये (फॉर्ममधून कोणती फील्ड्स घ्यायची ती यादी) ओळीचा 'आयडी' परमिट करायला विसरलात, तर ऑर्डर एडिट केली की जुन्या ओळी जागेवर राहतात आणि वर तेवढ्याच नव्या येतात. ओळ काढायची सोय द्यायची असेल तर 'अलाउ_डिस्ट्रॉय' चालू करून '_डिस्ट्रॉय'ही परमिट करा. फॉरेन कीचं (ओळ कोणत्या ऑर्डरची ते सांगणारा कॉलम) नाव वेगळं ठेवलं असेल तर 'इन्व्हर्स_ऑफ' (ऑर्डर आणि ओळ यांचं उलटं नातं) स्वतः लिहा, नाहीतर नवी ऑर्डर सेव्ह करताना 'ऑर्डर मस्ट एक्झिस्ट' ही एरर बघत बसाल.

आणि टेबलावर फॉरेन की, नॉट नल (रिकामं चालणार नाही) लावाच. "मॉडेलमध्ये व्हॅलिडेशन आहे, डेटाबेसला कशाला त्रास" हेही त्याच सीनियरचं. रेल्स कन्सोलमधून थेट टेबल बदलणारं 'अपडेट_कॉलम' मारणारा माणूस व्हॅलिडेशनच्या वाटेला जातच नाही, आणि आमच्याकडे तो कोण होता हेही मला माहीत आहे.

हां, एका ऑर्डरला हजारो ओळी असतील तर नेस्टेड रडतं, कारण प्रत्येक ओळीला वेगळं इन्सर्ट. तिथे सगळ्या ओळी एकदम टाकणारं, रेल्स 6 पासूनचं 'इन्सर्ट_ऑल' घ्या. पण ते व्हॅलिडेशन आणि कॉलबॅक (सेव्हच्या आधी-नंतर आपोआप चालणारा कोड) दोन्ही वगळतं, तेव्हा त्या अडीच नगाची तपासणी आधी तुम्हालाच करावी लागेल.