दहा विमानं पाडली म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : पहिल्या महायुद्धातला इंद्रलाल रॉय हा भारतीय एस होता आणि त्याने दोन आठवड्यांच्या आत १० विमानं पाडली असं वाचलं, हे खरं आहे का? आणि नजर कमी असताना त्याला ब्रिटिश हवाई दलात घेतलं कसं? - एक वाचक

उत्तर : आकडा खराय, पण 'पाडली' हा शब्द जरा सांभाळून घ्या. एस म्हणजे निदान पाच विजय नावावर असलेला पायलट, आणि ब्रिटिशांच्या हिशोबात समोरचं विमान ताबा सुटून गिरक्या घेत खाली गेलं तरी विजय धरायचे, मग ते खरंच जमिनीवर आपटलं की खाली जाऊन सावरलं ते कोण बघत बसणार! रॉयच्या दहापैकी पाच नष्ट झालेली आणि पाच अशी ताबा सुटलेली, एखाददुसरं दुसऱ्या पायलटबरोबर वाटून घेतलेलं. पहिला विजय ६ जुलै १९१८ला, दहावा १९ जुलैला. त्यातले तीन तर ८ तारखेला एकाच दिवसात.

नजरेचं म्हणाल तर मूळचा कलकत्त्याचा हा पोरगा लंडनला शाळेत होता, डोळ्यांवरून नापास केल्यावर त्याने स्वतःची मोटरसायकल विकून मोठ्या डॉक्टरकडून परत तपासून घेतलं असं सांगतात, आणि पास झाला. डिसेंबर १९१७मधे विमान आपटलं, चांगलाच जखमी झाला. मेला समजून शवागारात ठेवलं आणि त्याने आतून दार ठोठावलं, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल, मला ती तिखटमीठ लावलेली वाटते. पण त्यानंतर त्याला उड्डाणासाठी अनफिट ठरवलं होतं हे नक्की. त्या काळात बसल्या बसल्या विमानांची स्केचेस काढायचा आणि शेवटी मागे लागून परत उडायला लागलाच, ४० नंबर स्क्वाड्रन या हवाई तुकडीत, जॉर्ज मॅकलरॉय या तयारीच्या पायलटच्या हाताखाली.

आता तो उडवायचा ते एसई५ए हे ब्रिटिश लढाऊ विमान बघा. दोन मशीनगन, एक नाकावर आणि दुसरी वरच्या पंखावर. वरचीतल्या गोळ्या संपल्या की ती वाकड्या रुळावरून आपल्याकडे खाली ओढायची, रिकामा गोल डबा काढायचा, ९७ गोळ्यांचा भरलेला बसवायचा, गन परत वर ढकलायची, आणि हे सगळं उघड्या कॉकपिटमधे, तोंडावर वारा, एका हाताने विमान सांभाळत आणि मागे कोणी लागलंय का बघत! ब्रिटिश पायलटांना पॅराशूटही नव्हतं.

२२ जुलैला फ्रान्समधे कार्व्हाँजवळ जर्मन फॉकर विमानांशी झुंजताना त्याचं विमान पेटून कोसळलं. वय १९. मॅकलरॉयही ३१ जुलैला गेला. रॉयला डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक सप्टेंबरात जाहीर झालं, म्हणजे मरणोत्तर. एस्तव्हेल गावच्या कबरस्तानात त्याची कबर आहे, तिच्यावर फ्रेंचबरोबर बंगालीतही मजकूर कोरलाय.