उपोषणाला ‘बसतात’, उपवासाला का नाही?

प्रश्न असा आहे : उपवास आणि उपोषण एकाच धातूपासून आले, मग ‘कार्यकर्ते उपवासाला बसले’ हे कानाला का खटकते?

धातू एकच, उप + वस् (जवळ राहणे). ‘उष् म्हणजे जाळणे, शरीरातले दोष जाळते ते उपोषण’ ही व्युत्पत्ती व्याख्यानांतून इतक्यांदा कानी येते की चीड येते. वस् मधल्या ‘व’चा ‘उ’ होतो, ‘स’चा ‘ष’. ‘उपोषित’ हे रूप ज्याने पाहिले त्याला जाळपोळ करावी लागत नाही. ‘देवाजवळ राहणे’ हा लाडका अर्थही उलटाच. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या आरंभीच सांगितले आहे, की उद्या यज्ञ होणार हे कळून देवच यजमानाच्या घरी मुक्कामाला येतात. पाहुण्यांआधी जेवणे बरे नव्हे, म्हणून त्याने जेवायचे नाही.

आता ‘बसणे’. माझे ठाम मत असे, की उपोषण हा शब्द उपवासाच्या घरचा असला तरी त्याचे क्रियापद ‘धरणे’ या प्रकाराचे, म्हणजे दारात अडून बसण्याचे आहे. अयोध्याकांडातला चित्रकूटचा प्रसंग काढून वाचा. राम परत यायला तयार नाही. भरत सुमंत्राला म्हणतो, इथे दर्भ अंथर. धन गमावलेल्या ब्राह्मणासारखा मी अन्नपाणी सोडून याच्या पर्णकुटीसमोर पडून राहतो. सुमंत्र रामाच्या तोंडाकडे बघत राहतो, तेव्हा भरत स्वतःच दर्भ पसरून जमिनीवर बसतो. राम सांगतो, ही रीत ब्राह्मणाची, अभिषिक्त क्षत्रियाची नव्हे. त्यावर भरत बसल्या जागेवरून चहूकडे पाहत जमलेल्या प्रजेला विचारतो, ‘तुम्ही का नाही याला समजावत?’ दार, आसन, अडवलेला माणूस आणि बघणारे लोक, सगळे इथे आहे. वाल्मीकींचा शब्द ‘प्रत्युपवेशन’, म्हणजे कुणाच्या तरी समोर ठाण मांडणे. भूक हे त्यातले हत्यार. मूळ क्रिया बसण्याची.

‘हा प्रकार गांधीयुगातला’ म्हणणाऱ्या अभ्यासकांनी कल्हण तरी वाचावा. बाराव्या शतकातल्या त्याच्या राजतरंगिणीत, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या इतिहासात, ब्राह्मण ऊठसूट राजाविरुद्ध प्रायोपवेशन (मरेपर्यंत अन्न सोडून बसणे) करतात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला ‘प्रायोपवेशाधिकृत’ नावाचे अधिकारी आहेत. 1860च्या दंडसंहितेतही दारात धरणे धरून दैवी कोपाची भीती घालणाऱ्याचे उदाहरण कलम 508 खाली दिलेले होते.

म्हणून 1933चा गांधीजींचा 21 दिवसांचा, आत्मशुद्धीसाठी केलेला तो उपवास. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी 1947च्या मे महिन्यात बसले ते उपोषण.

आणि कृपा करून ‘प्रायोपवेशनाला बसले’ लिहू नका. प्राय म्हणजे निघून जाणे, मरण. उपवेशन म्हणजे बसणे. बसणे त्या शब्दातच आहे. ‘प्रायोपवेशन केले’ एवढे पुरते.