2012 ची पेट्रोल गाडी अचानक थरथरायला लागली, पिकअप गेला, मिस्त्री म्हणतो इंजिन खोलावं लागेल. खोलू का?

नाही भाऊ, आत्ता तरी नाही. आधी कोणता सिलिंडर बंद आहे ते कळू द्या, मग खोलायचं की नाही ते बघू.

तुम्ही लिहिलं की बुटीबोरीहून येताना ओव्हरटेकसाठी एक्सलेटर दाबला आणि एकदम गाडी थरथरायला लागली, चेक इंजिनचा लाइट थोडा वेळ ब्लिंक झाला मग तसाच लागून राहिला, आणि सिग्नलवर उभी केली की स्टिअरिंग, सीट सगळं हलून राहिलं. ही मिसिंगची लक्षणं आहेत. चारपैकी एक सिलिंडर पेटत नाहीये, गाडी तीनवर चालून राहिली. चौघांनी उचललेल्या कपाटाखालून एकाने हात काढला की बाकीचे तिघं कसे लटपटतात, तसं. फक्त 80-90 च्या स्पीडलाच व्हायब्रेशन असतं तर मी चाकं, बॅलन्सिंग बघा म्हटलं असतं, आणि नुसती उभी असताना हलत असती पण पिकअप चांगला असता तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसते ते. तुमच्याकडे उभी असताना हलणं आणि पिकअप जाणं, दोन्ही एकत्र आहे.

माझं नागपुरात सक्करदऱ्यात छोटं गॅरेज आहे, अशा गाड्या येतच राहतात. माझं म्हणणं एवढंच की रिंग-पिस्टन झिजले असते तर गाडीने आधीच सांगितलं असतं, ऑइल खाल्लं असतं, निळा धूर दिला असता, पिकअप हळूहळू गेला असता. कालपर्यंत ठणठणीत आणि आज एका झटक्यात तीनवर, हे बहुतेक ठिणगी पाडणारा प्लग, त्याला करंट देणारी कॉइल नाहीतर वायरिंगचं काम असते. टायमिंगच्या चेन-बेल्टचा दात सरकला किंवा व्हॉल्व्ह गेला तर तेही अचानकच होते, नाही असं नाही, पण स्वस्त गोष्टी आधी तपासायच्या ना.

आणि हो, लाइट ब्लिंक होत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, आतली जाळी वितळून चोक होते, मग कॉइल नवीन टाकली तरी गाडी रेस घेत नाही आणि तुम्ही म्हणता मिस्त्रीने फसवलं. तो पार्ट कॉइलच्या कितीतरी पट महाग आहे. नुसता लागून राहिला असेल तर हळूहळू गॅरेजपर्यंत नेता येते.

आता स्कॅनर लावा. स्टिअरिंगखाली ओबीडीचा पोर्ट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचा सॉकेट, तुमच्या सालच्या गाडीत बहुतेक असतोच, ब्लूटूथवाला स्कॅनर काही शेकड्यांत मिळते, मोबाइलवर कोड दिसते. पी 0301 म्हणजे एक नंबरचा सिलिंडर, पी 0302 दोन नंबर, असं पी 0304 पर्यंत. पी 0300 आला तर मिसिंग एका जागी नाही, फिरून राहिली, मग एकेक कॉइल बघण्यापेक्षा हवा कुठून ओढतेय का, फ्युएल पंपाचं प्रेशर किती आहे, ते आधी बघायचं. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत बॉनेटखालचे रबरी पाइप पापडासारखे कडक होतात, चिरा पडतात, इंजिन चालू असताना कान लावला तर सूंऽऽ आवाज येते.

समजा पी 0303 आला. तर इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरवर लावा आणि एकची तीनवर. कोड पुसा, गाडी चालू करा. आता कोड पी 0301 झाला तर कॉइलच मेली, नवीन टाका, विषय संपला. कोड तीनवरच राहिला तर कॉइल चांगली आहे, मग प्लगची अशीच अदलाबदल करायची. याला ना हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलावं लागते ना काही, मिस्त्रीसमोर उभं राहून करून घ्या. तुमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल नसून जाड वायरी असतील तर रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनवर स्प्रेने पाण्याचा बारीक फवारा मारा, वायर फुटकी असेल तर निळी ठिणगी नाचताना दिसते. हात मात्र लांब ठेवा, भल्ला झटका बसते.

प्लग काढला की लगेच फेकू नका, नीट बघा. टोक बदामी-राखाडी असेल तर तो सिलिंडर चांगला. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाहीये, कोरडा पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडून राहिलं, म्हणजे पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बघा. आणि पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ वरून खालपर्यंत दिसली का? ठिणगी तिथूनच पळून राहिली. ही रेघ पुसून जात नाही, प्लग बदला आणि कॉइलचं रबर पण, कारण रबराच्या आतल्या बाजूला तशीच रेघ असते, नुसता प्लग बदलला की काही दिवसांत परत मिसिंग. प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत ऑइल साचलं असेल तर वरच्या कव्हरचं पॅकिंग गेलं, ते बदलल्याशिवाय नवीन कॉइल टाकण्यात अर्थ नाही.

इंजिन प्रेशरने धुतलं होतं का आदल्या दिवशी? विहिरीत पाणी गेलं की हेच होते. आणि सेकंडहँड घेतली असेल तर आधीची मालकी बघा, 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा शहरातल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या होत्या, तशा गाडीच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज निघते. उंदरांनी वायरी कुरतडल्या तर ते पण बघा, हसू नका, नेहमीचं आहे. गॅस किट असेल तर पेट्रोलवर टाकून पहा, गॅसला ठिणगी जास्त दमदार लागते, कमजोर कॉइल आधी गॅसवर मिसिंग मारते. बाकी हल्ली सगळे ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला शिव्या देतात, जुन्या रबराला त्याने त्रास होऊ शकते, पण एकच सिलिंडर अचानक बंद पडला त्याचा दोष मी पेट्रोलवर टाकणार नाही, पेट्रोल तं चौघांना सारखंच जाते.

हे सगळं ठीक निघालं आणि तोच सिलिंडर अजून बंदच आहे, तेव्हा कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं. चारही प्लग काढून गेज लावतात, चांगल्या पेट्रोल इंजिनचे आकडे साधारण 150 ते 180 पीएसआयच्या आसपास येतात, आणि चौघांत फार फरक नको. एक खूप कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं, आकडा वर आला तर रिंग, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालचं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट. शेजारशेजारचे दोन कमी असतील आणि कूलंट पण कमी होत असेल तर हेड गॅस्केट, मग खोला, मी पण खोलाच म्हणेन. पण चारही आकडे कागदावर लिहून घ्या, आणि मिस्त्री गेज न लावताच खोलायचं म्हणत असेल तर किल्ली परत मागा.