नुसती कॅप्शन्स पुरतील का?

तुमच्या गटाने ठाण्याच्या तलावांवर व्हिडिओ केलेत, आपोआप निघालेली कॅप्शन्स तशीच ठेवलीत आणि तेवढं पुरेल का, असं विचारलंय. नाही पुरणार.

मासुंदा तलावाचा भाग मी आधी आवाज बंद करून पाहिला. माझा भाऊ कर्णबधिर आहे, म्हणून ही सवयच लागली आहे. ‘मासुंदा’चं जागोजागी ‘मी सुद्धा’ झालंय. भावाला तलावाचं नावच कळलं नसतं. कॅप्शन्स हाताने तपासाच. ‘तलावाच्या’ एका स्क्रीनवर आणि ‘काठावर’ पुढच्या, असं तोडू नका. बोलणारा दिसत नसेल तिथे त्याचं नाव द्या. मागे घंटा वाजते आणि निवेदक थांबतो, तिथे [देवळातली घंटा] लिहा, नाहीतर तो का थांबला ते कळत नाही. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतपद्धतीतच जतन करा, म्हणजे देवनागरी नीट दिसेल. एसआरटी आणि वेबव्हीटीटी हे कॅप्शन-फाइलचे दोन प्रकार; एसआरटीची वेबव्हीटीटी करताना वेळेतल्या स्वल्पविरामाच्या जागी टिंब द्यायला विसरू नका.

मग ज्यांना दिसत नाही त्यांना काय कळेल, ते पाहायला तोच भाग डोळे मिटून ऐकला. “हे बघा, पाणी कुठवर आलंय!” कुठवर? निवेदक “पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलंय” म्हणाला असता, तर त्या जागी वेगळं वर्णन लागलंच नसतं. माझा खरा आग्रह याचाच आहे: जे दाखवता ते बोला, आणि ते संहिता लिहितानाच ठरवा. झालेल्या व्हिडिओत नुसतं संगीत आणि होड्या आहेत, तिथे वर्णनाला भरपूर जागा आहे. तिथे काय दिसतंय ते सांगणारा आवाज भरा. यालाच ध्वनिवर्णन म्हणतात.

डब्ल्यूसीएजी या वेबवरचा मजकूर दिव्यांगांनाही वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन्स ही ए पातळीची, म्हणजे अगदी किमान अट आहे. दृश्यांसाठी त्या पातळीवर ध्वनिवर्णन किंवा संपूर्ण मजकूर, दोन्हींपैकी एक चालतं. त्यावरच्या एए पातळीला ध्वनिवर्णनच लागतं. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही कलम ४२ मध्ये कॅप्शन, ध्वनिवर्णन आणि सांकेतिक भाषा यांचा उल्लेख आहे.

तरी संवाद आणि दृश्यवर्णन असलेला पूर्ण मजकूर व्हिडिओखाली द्याच, साध्या अक्षरांत, चित्र करून नव्हे. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, ते तो ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे मजकूर उठावाच्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या उपकरणावर, बोटांनी वाचतात. त्यांच्यापर्यंत तुमचा तलाव दुसऱ्या कुठल्याच वाटेने पोचत नाही.

उपवन तलावाच्या भागाचं निवेदन अजून रेकॉर्ड झालं नसेल तर संहिता इथे टाका. ‘हे’, ‘इथे’, ‘असं’ कुठे अडतंय, ते खुणा करून देतो.